कुत्र्याच्या मानेखालची गाठ: कॅन्सर की गोचीड ताप? पांढऱ्या पेशी ओळखणाऱ्या अँटीबॉडीज का महत्त्वाच्या आहेत?

मावळातलं सुदुंबरे हे गाव दोन कारणांनी ओळखलं जातं. एक म्हणजे संत तुकाराम महाराजांचे टाळकरी आणि अभंगांचे लेखनिक संताजी महाराज जगनाडे यांची इथली समाधी. दुसरं म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या, अर्थात एनडीआरएफच्या पाचव्या बटालियनचं मुख्यालय.

महाराष्ट्रात दरड कोसळली, इमारत पडली, पूर आला की टीव्हीवर केशरी कपड्यांतले जवान दिसतात. त्यांच्यासोबत अनेकदा कुत्रेही असतात. एनडीआरएफच्या प्रत्येक बटालियनमध्ये ४५ जणांची एक अशी १८ पथकं असतात आणि त्या रचनेत श्वानपथकाला ठरलेली जागा आहे.

ही जागा शोभेची नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीपर्यंत रस्ता नसल्यामुळे जेसीबी वर नेता आला नाही. बचाव पथकं भर पावसात डोंगर चढून गेली आणि हातांनी माती उपसू लागली. अशा ठिकाणी ‘नेमकं कुठे खणायचं?’ या प्रश्नाचं उत्तर कुत्र्याचं नाक देतं.

आता समजा, अशा एखाद्या प्रशिक्षित लॅब्रेडॉरच्या जबड्याखाली लिंबाएवढी गाठ आली. त्याचं खाणं कमी झालं, तो लवकर दमायला लागला. रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी वाढलेल्या. हा कॅन्सर आहे की गोचिडांमुळे होणारा ताप? कॅन्सर असेल तर झपाट्याने वाढणारा की वर्षानुवर्षं शांत राहणारा? कुत्र्याला घरी पाठवायचं, औषध द्यायचं की पुन्हा कामावर घ्यायचं, हे सगळं या उत्तरावर ठरतं.

तुमच्या घरातल्या कुत्र्यालाही हा प्रश्न तितकाच लागू होतो. त्याचं उत्तर बऱ्याचदा प्रयोगशाळेतल्या एका छोट्या कुपीवर अवलंबून असतं. त्या कुपीत असतात अँटीबॉडीज, त्याही खास कुत्र्यांसाठी बनवलेल्या.

सूक्ष्मदर्शकाखाली बघून कळत नाही का?

काही गोष्टी कळतात, सगळ्या नाही.

रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचं संरक्षण दल. त्यात न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट, मोनोसाइट, इओसिनोफिल आणि बेसोफिल असे प्रकार असतात. काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून रंग दिला की अनुभवी डॉक्टर यातले बहुतेक प्रकार ओळखू शकतात.

खरी अडचण लिम्फोसाइटच्या बाबतीत येते. लिम्फोसाइटचे दोन मोठे गट आहेत: बी पेशी आणि टी पेशी. बी पेशी अँटीबॉडी तयार करतात. टी पेशींपैकी काही संसर्ग झालेल्या पेशी मारतात, तर काही बाकीच्या संरक्षणाची सूत्रं हलवतात. कामं इतकी वेगळी, पण सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही सारख्याच दिसतात: गोल, लहान, मधोमध मोठं केंद्रक. गणवेश तोच, फक्त छातीवरचा बिल्ला वेगळा. आणि तो बिल्ला साध्या रंगाने दिसत नाही.

मग अँटीबॉडी काय करते?

ती बिल्ला वाचते.

प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर वेगवेगळी प्रथिनं असतात. टी पेशीवर काही खास प्रथिनं असतात, बी पेशीवर दुसरी. एखाद्या प्रथिनाला चिकटणारी आणि इतरांना न चिकटणारी अँटीबॉडी मिळाली, तिला चमकणारा रंग जोडला, तर ती ज्या पेशीवर बसेल ती पेशी चमकेल.

अशा एकसारख्या अँटीबॉडीज हव्या तेवढ्या बनवण्याची पद्धत १९७५ मध्ये केंब्रिजमध्ये सापडली. जॉर्जेस कोलर आणि सीझर मिलस्टीन यांनी अँटीबॉडी बनवणारी उंदराची पेशी आणि सतत वाढत राहणारी कॅन्सरची पेशी एकत्र केली. त्यातून एकच ठराविक अँटीबॉडी कायम बनवत राहणारी पेशी तयार झाली. या अँटीबॉडीला मोनोक्लोनल म्हणतात. १९८४ मध्ये दोघांना या कामासाठी नोबेल मिळालं. नील्स येर्ने हे त्या वर्षीचे तिसरे मानकरी होते.

पुढे जगभरातल्या प्रयोगशाळांनी भराभर अँटीबॉडीज बनवल्या आणि गोंधळ उडाला. एकाच प्रथिनाला प्रत्येकजण वेगळं नाव देत होता. त्यावर उपाय म्हणून १९८२ मध्ये पॅरिसला एक आंतरराष्ट्रीय कार्यशाळा झाली आणि प्रथिनांना क्रमांक देण्याची पद्धत सुरू झाली. सीडी-४, सीडी-८, सीडी-२० ही नावं त्यातूनच आली. एचआयव्हीच्या संदर्भात ‘सीडी-४ काउंट’ हा शब्द तुम्ही ऐकला असेल, तो हाच. माणसाच्या पेशींसाठी आज असे ३७० हून अधिक क्रमांक आहेत.

प्रत्यक्ष तपासणीसाठी फ्लो सायटोमीटर नावाचं यंत्र वापरतात. अँटीबॉडी लावलेल्या पेशी त्यातून एकामागून एक लेझरसमोरून जातात. कोणती पेशी कोणत्या रंगात चमकली याची नोंद यंत्र ठेवतं. काही मिनिटांत हजारो पेशींची हजेरी घेऊन होते.

माणसाची चाचणी कुत्र्याला चालत नाही का?

बहुतेक वेळा नाही, आणि या विषयाची खरी मेख इथेच आहे.

माणसाच्या आणि कुत्र्याच्या टी पेशी कामं साधारण सारखीच करतात. दोघांकडेही सीडी-४ नावाचं प्रथिन आहे. पण उत्क्रांतीच्या कोट्यवधी वर्षांत त्या प्रथिनाचा बाहेरचा भाग दोघांमध्ये वेगळा झाला. अँटीबॉडी त्या आकाराला चिकटत असते. आकार थोडा बदलला की ती बसतच नाही. मग यंत्र सांगतं, ‘पेशी सापडल्या नाहीत.’ पेशी मात्र तिथेच असतात.

याचं ठळक उदाहरण म्हणजे रिटुक्सिमॅब. हे औषधही एक मोनोक्लोनल अँटीबॉडीच आहे. माणसाच्या बी पेशींवरच्या सीडी-२० ला ते चिकटतं. १९९७ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली आणि माणसांच्या लिम्फोमाच्या उपचारात मोठा बदल झाला. कुत्र्यांनाही लिम्फोमा होतो, त्यांच्या बी पेशींवरही सीडी-२० असतं. तरीही रिटुक्सिमॅब कुत्र्याच्या सीडी-२० ला चिकटत नाही.

दुसरा फरक तर भल्याभल्यांना चकवू शकतो. माणसाच्या न्यूट्रोफिलवर सीडी-४ नसतं, कुत्र्याच्या न्यूट्रोफिलवर असतं. माणसाचे रिपोर्ट वाचायची सवय असलेल्या तज्ज्ञाने कुत्र्याचा नमुना त्याच नियमाने वाचला, तर न्यूट्रोफिलची गणना टी पेशींमध्ये होऊ शकते. म्हणजे योग्य अँटीबॉडी मिळाली तरी कुत्र्याचं रक्त समजणारा माणूस लागतोच.

काही अपवाद आहेत. पेशीच्या आत असलेले प्रथिनांचे काही भाग प्राण्या-प्राण्यांत फारसे बदललेले नाहीत. त्यामुळे सीडी-३, सीडी-७९ए, पॅक्स-५ यांसाठी माणसांच्या प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या काही अँटीबॉडीज कुत्र्याच्या ऊतींवरही चालतात. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

कुत्र्यांसाठी अँटीबॉडीज कोणी बनवल्या?

माणसांसाठी पॅरिसला जे झालं, तेच कुत्र्यांसाठी पुढच्या दशकात झालं. जगभरातल्या प्रयोगशाळांनी कुत्र्यांच्या पांढऱ्या पेशींविरुद्ध बनवलेल्या आपापल्या अँटीबॉडीज एकत्र आणल्या, एकमेकांशी ताडून पाहिल्या आणि कोणती अँटीबॉडी कोणत्या क्रमांकाची हे ठरवलं. कुत्र्यांसाठीच्या या पहिल्या आंतरराष्ट्रीय कार्यशाळेचा सारांश १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकीय विभागात पीटर मूर यांनी कुत्र्यांच्या अनेक अँटीबॉडीज तयार केल्या आणि त्या जगभर वापरल्या गेल्या.

तरीही माणसांच्या तुलनेत कुत्र्यांसाठीचा हा संच फार लहान आहे. रोजच्या तपासणीत मोजक्याच अँटीबॉडीज वापरल्या जातात: टी पेशींसाठी सीडी-३, सीडी-४, सीडी-५ आणि सीडी-८, बी पेशींसाठी सीडी-२१, अपरिपक्व पेशींसाठी सीडी-३४ आणि जवळपास सगळ्या पांढऱ्या पेशींवर असणारं सीडी-४५.

हे कळून फरक काय पडतो?

लिम्फोमा हा कुत्र्यांमध्ये वारंवार आढळणाऱ्या कॅन्सरपैकी एक आहे. जबड्याखाली, खांद्याच्या पुढे आणि मागच्या गुडघ्यामागे गाठी येतात. त्या दुखत नाहीत, म्हणून अनेकदा उशिरा लक्षात येतात. बाहेरून सगळ्या सारख्याच दिसतात. आतली कहाणी मात्र वेगवेगळी असू शकते.

पहिली शक्यता: बी पेशींचा झपाट्याने वाढणारा लिम्फोमा. सर्वाधिक आढळणारा प्रकार हाच. उपचार नसेल तर कुत्रा साधारण महिना-दीड महिनाच जगतो. केमोथेरपी दिली तर अनेक कुत्र्यांना साधारण वर्षभराचं आयुष्य मिळतं.

दुसरी शक्यता: टी पेशींचा झपाट्याने वाढणारा लिम्फोमा. यात केमोथेरपीचा परिणाम कमी काळ टिकतो. साधारण सहा ते आठ महिने हातात असतात.

तिसरी शक्यता: टी-झोन लिम्फोमा. गोल्डन रिट्रीव्हरमध्ये हा विशेष दिसतो. गाठी मोठ्या असतात, पण आजार अतिशय संथ असतो. अनेक कुत्रे दोन वर्षं किंवा त्याहूनही जास्त व्यवस्थित जगतात. अनेकांना सुरुवातीला केमोथेरपीची गरजही पडत नाही.

हा तिसरा प्रकार ओळखायची मोठी खूण अँटीबॉडीच देते. एरवी सगळ्या पांढऱ्या पेशींवर असणारं सीडी-४५ या कॅन्सरच्या टी पेशींवरून गायब झालेलं असतं. सुईने काढलेल्या थोड्या पेशी यंत्रातून गेल्या की हे दिसतं. हे न तपासता ‘लिम्फोमा आहे, महिनाभराचा सोबती’ असं सांगितलं गेलं, तर दोन वर्षं आनंदात जगू शकणाऱ्या कुत्र्याला कायमचं झोपवण्याचा निर्णय घेतला जाऊ शकतो.

यात गोचीड कुठून आला?

भारतात हा प्रश्न आणखी अवघड होतो तो गोचिडांमुळे.

तपकिरी गोचीड ‘अर्लिकिया कॅनिस’ नावाचे जिवाणू पसरवतो. हे जिवाणू थेट कुत्र्याच्या पांढऱ्या पेशींमध्ये, म्हणजे मोनोसाइटमध्ये घर करतात. ताप, सुस्ती, सुजलेल्या गाठी, कमी झालेल्या प्लेटलेट, नाकातून रक्त ही याची लक्षणं. पशुवैद्य आणि श्वानप्रेमी याला सरळ ‘टिक फीव्हर’ किंवा गोचीड ताप म्हणतात. आपल्या उष्ण, दमट हवेत गोचिडांना वर्षभर सुगीच असते.

लष्करी कुत्र्यांनी या आजाराची मोठी किंमत मोजली आहे. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकेच्या लष्करातले दोनशे ते तीनशे कुत्रे अर्लिकियामुळे मेल्याचा अंदाज आहे. जर्मन शेफर्ड जातीत हा आजार जास्त गंभीर होतो आणि लष्करात या जातीचे कुत्रे मोठ्या संख्येने होते. जंगलात, गवतात, ढिगाऱ्यात काम करणाऱ्या कुत्र्याला गोचिडांपासून पूर्ण लांब ठेवणं कठीणच.

पण गोंधळ वेगळाच आहे. जुनाट गोचीड तापात काही कुत्र्यांच्या रक्तात सीडी-८ प्रकारच्या टी पेशी खूप वाढतात. कुत्र्यांमधल्या जुनाट लिम्फोसाइटिक ल्युकेमियातही बहुतेक वेळा टी पेशीच वाढतात, आणि त्यातही सीडी-८ प्रकारच्याच जास्त दिसतात. म्हणजे एका बाजूला साधारण चार आठवड्यांच्या डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्यांनी आटोक्यात येऊ शकणारा संसर्ग, दुसऱ्या बाजूला रक्ताचा कॅन्सर, आणि दोन्हीकडे वाढलेली पेशी एकच.

अँटीबॉडीची मर्यादाही इथे समजते. कोणत्या पेशी वाढल्या हे ती सांगते, का वाढल्या हे सांगत नाही. त्यासाठी अर्लिकियाची पीसीआर चाचणी लागते. शिवाय त्या सगळ्या पेशी एकाच पेशीपासून जन्मल्या आहेत का, हे तपासणारी जनुकीय चाचणीही करावी लागते. एकाच पेशीची पिलावळ असेल तर कॅन्सरचा संशय वाढतो, वेगवेगळ्या पेशी असतील तर संसर्गाचा. गोचीड तापात ही जनुकीय चाचणीही क्वचित फसवू शकते. त्यामुळे एकाच रिपोर्टवर निर्णय घेणं धोक्याचं.

मग महाराष्ट्रात अडतंय कुठे?

पहिला अंदाज असा होईल की यंत्रं नसतील. पण यंत्र तेच लागतं, जे माणसांसाठी वापरतात. खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटा मेमोरियल सेंटरच्या संशोधन संस्थेत, माणसांच्या रक्ताच्या कॅन्सरसाठी फ्लो सायटोमेट्री रोजच्या कामाचा भाग आहे. पुण्यातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातही ही यंत्रणा आहे. प्राण्यांच्या बाजूने पाहिलं तर परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून चालू आहे. शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. दोन्ही नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठाच्या छत्राखाली येतात. सुदुंबऱ्याहून परळ किंवा शिरवळ ही गाडीने काही तासांची वाट आहे.

अडचण या सगळ्यांना जोडणाऱ्या साखळीत आहे.

पहिली कडी नमुन्याची. फ्लो सायटोमेट्रीला जिवंत पेशी लागतात. गाठीतून सुईने काढलेल्या पेशी योग्य द्रवात, थंड पण न गोठवता, एक-दोन दिवसांत प्रयोगशाळेत पोहोचाव्या लागतात. तालुक्याच्या दवाखान्यातून तिथवर पोहोचवण्याची ठरलेली सोय असेल तरच हे जमतं.

दुसरी कडी अँटीबॉडीची. कुत्र्यांसाठीच्या या कुप्या परदेशी कंपन्यांकडून मागवाव्या लागतात आणि त्यांना मुदत असते. महिन्याला दोन-चारच नमुने आले तर कुपी संपण्याआधीच मुदत संपते. मग प्रयोगशाळा ती ठेवतच नाही. चाचणी मिळत नाही म्हणून डॉक्टर नमुने पाठवत नाहीत, आणि नमुने येत नाहीत म्हणून चाचणी सुरू होत नाही.

तिसरी कडी रिपोर्ट वाचणाऱ्या माणसाची. न्यूट्रोफिलवरच्या सीडी-४ चं उदाहरण वर आलंच आहे.

या तिन्ही कड्या एकट्या पशुपालकाच्या खिशातून जोडल्या जाणार नाहीत. पण राज्यात एनडीआरएफ, पोलीस, रेल्वे आणि लष्कराचे शेकडो कामकरी कुत्रे आहेत. त्यांचे नमुने आणि शहरांतल्या पाळीव कुत्र्यांचे नमुने एकाच ठिकाणी यायला लागले, तर कुपी वाया न घालवता वापरण्याइतकी संख्या तयार होऊ शकते. यंत्र माणसांच्या संस्थेचं, नमुना आणि पशुवैद्य प्राण्यांच्या संस्थेचे, अशी भागीदारी अशक्य नाही. त्यात माणसांचाही फायदा आहे. कुत्र्याचा लिम्फोमा माणसाच्या लिम्फोमाशी खूप साम्य दाखवतो, त्यामुळे कॅन्सर संशोधक त्याचा बारकाईने अभ्यास करतात.

महाराष्ट्राला कामकरी कुत्र्याच्या कॅन्सरची ओळख नाही असंही नाही. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांनंतर हजारो किलो आरडीएक्स शोधून देणारा मुंबई पोलिसांचा ‘जंजीर’ नोव्हेंबर २००० मध्ये हाडांच्या कॅन्सरने गेला. त्याचा आजार पांढऱ्या पेशींचा नव्हता. पण ज्या कुत्र्याला शासकीय इतमामात निरोप दिला जातो, त्याच्या आजाराचं नेमकं निदान वेळेवर होण्याची व्यवस्थाही तितकीच महत्त्वाची मानायला हवी.

तुमच्या कुत्र्याला गाठ दिसली तर काय कराल?

• महिन्यातून एकदा जबड्याखाली, खांद्याच्या पुढे आणि मागच्या गुडघ्यामागे हात फिरवून बघा. दोन्ही बाजूंना सारख्याच मोठ्या झालेल्या गाठी लागल्या तर थांबू नका.

• निदान होण्याआधी स्टेरॉइड देऊ नका, देत असतील तर पशुवैद्याला कारण विचारा. प्रेडनिसोलोनने गाठ काही दिवसांत बसते आणि सगळ्यांना बरं वाटतं. पण लिम्फोमा असेल तर नमुन्यातल्या खुणा पुसट होतात आणि पुढे केमोथेरपीचा परिणामही कमी होऊ शकतो.

• आधी साध्या गोष्टी करून घ्या: संपूर्ण रक्त तपासणी, प्लेटलेट, गोचीड तापाची चाचणी आणि गाठीतून सुईने नमुना. झटपट किटवर गोचीड ताप ‘पॉझिटिव्ह’ आला म्हणून कॅन्सर नाही असं होत नाही. किट बहुधा पूर्वी कधीतरी झालेला संसर्गही दाखवतं. एकाच कुत्र्याला दोन्ही आजार असू शकतात.

• लिम्फोमा निघाला तर एक प्रश्न नक्की विचारा: ‘बी की टी? आणि संथ की झपाट्याने वाढणारा?’

• फ्लो सायटोमेट्री मिळत नसेल तर गाठीचा तुकडा काढून फॉर्मॅलिनमध्ये पाठवण्याचा पर्याय आहे. त्याला जिवंत पेशी लागत नाहीत, त्यामुळे घाईही नसते. वर सांगितलेल्या सीडी-३, पॅक्स-५ सारख्या अँटीबॉडीज या तुकड्यावर चालतात. बी की टी, एवढं तरी त्यातून बहुतेक वेळा कळतं.

• गोचिडांवरचं औषध पावसाळ्यापुरतं न ठेवता वर्षभर, पशुवैद्याच्या सल्ल्याने चालू ठेवा. या लेखातल्या सगळ्यात स्वस्त उपायांपैकी हा एक आहे.

पुढच्या पावसाळ्यात कुठेतरी दरड कोसळेल तेव्हा सुदुंबऱ्याहून पुन्हा गाड्या निघतील आणि त्यात एखादा कुत्रा जीभ बाहेर काढून बसलेला असेल. ढिगाऱ्याखालचा माणूस जिवंत आहे की नाही हे तो आपल्याला सांगतो. त्याच्या मानेखाली गाठ आली तर ती कशाची आहे हे त्याला सांगता येत नाही. ते शोधून काढायची साधनं जगात तीस वर्षांपासून आहेत. ती मावळातल्या दवाखान्यापर्यंत पोहोचवायची असतील, तर यंत्रांच्या आधी नमुना नेणारी वाट, कुत्र्याच्या अँटीबॉडीज आणि कुत्र्याचा रिपोर्ट वाचणारा माणूस यांची सोय करावी लागेल.